विमान काढा, पण रेडिओवर कोण बोलणार ते आधी सांगा

प्रति,
पुढच्या वीस वर्षांत कोणतं विमान ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे ठरवणारे, देशोदेशींच्या हवाई दलांतले नियोजनकर्ते

सप्रेम नमस्कार.

पायदळाला अगदी जवळून हवाई मदत देणाऱ्या विमानांचा, म्हणजे क्लोज एअर सपोर्टचा विषय दर दोन-चार वर्षांनी तुमच्या टेबलावर येतो आणि दर वेळी त्याच दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एका बाजूला ए-१०चे, म्हणजे खास याच कामासाठी बांधलेल्या अमेरिकी विमानाचे चाहते. त्यांच्याकडे सात नळ्यांच्या तोफेचा तो प्रसिद्ध आवाज असतो. वैमानिकाभोवतीच्या टायटॅनियमच्या चिलखताचं वर्णन असतं आणि ए-१०च्या वैमानिक किम कॅम्पबेल यांची गोष्ट असते. ७ एप्रिल २००३ला बगदादवर विमानाला जबर मार बसला, हायड्रॉलिक यंत्रणा पार गेली, तरी नुसत्या तारा आणि दांड्यांच्या जोरावर त्यांनी ते कुवेतपर्यंत आणून सुखरूप उतरवलं. दुसऱ्या बाजूला तुम्ही. तुमच्या स्लाइडवर लिहिलेलं असतं की विमान जुनं आहे, संथ आहे, एकाच कामाचं आहे आणि आजच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांपुढे ते टिकणार नाही.

दोन्ही बाजूंचं म्हणणं बरंचसं खरं आहे. म्हणूनच हे भांडण मिटत नाही. अमेरिकी हवाई दलाने २०१४पासून ए-१० काढायचा घाट वारंवार घातला आणि तिथल्या संसदेने तो वारंवार अडवला. या ओढाताणीत विमानावर हजारो पानं खर्ची पडली. ते विमान जे काम करतं त्या कामाचं पुढे काय, यावर मात्र फार थोडी.

मला कोणतंही विमान वाचवायचं नाही. तुम्ही म्हणता तशी ही विमानं जायला हवीत, याला माझी मोठी हरकतही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की वर बसलेला पायलट, खाली धुळीत पडलेला कंट्रोलर, म्हणजे पायदळासोबत राहून विमानाला रेडिओवर दिशा देणारा माणूस, आणि त्या दोघांनी वर्षानुवर्षं केलेला सराव या सगळ्यालाही तुम्ही विमानाबरोबर भंगारात काढत आहात. आणि हे आजवर प्रत्येक युद्धानंतर झालं आहे.

आधी ते काम जरा जवळून बघू.

शत्रू दोनशे-तीनशे मीटरवर आहे. आपली एक तुकडी ओढ्याच्या काठाशी अडकली आहे. दुसरी डावीकडून वर सरकते आहे, पण आत्ता नेमकी कुठवर पोहोचली आहे हे कुणालाच ठाऊक नाही. खाली असलेला कंट्रोलर रेडिओवर ठरलेल्या क्रमाने नऊ ओळी सांगतो. कुठून यायचं, कोणत्या दिशेने, अंतर किती, लक्ष्याची उंची किती, लक्ष्य काय आहे, ते कुठे आहे, त्यावर खूण कशाची केली आहे, आपली माणसं लक्ष्याच्या कोणत्या बाजूला किती लांब आहेत आणि हल्ला करून बाहेर कुठून पडायचं. त्यातले जिवावर बेतणारे आकडे पायलट परत म्हणून दाखवतो. त्यानंतर खरी कसोटी सुरू होते. ‘ओढ्यावरचा पूल दिसतोय?’ ‘दिसतोय.’ ‘पुलापासून उत्तरेला जाणारा रस्ता धर. पहिल्या तिठ्यावर कोपऱ्यात काय आहे?’ ‘दोन इमारती. एकीचं छप्पर पडलेलं.’ ‘पडक्या छपराची आपली. तिथे आपली माणसं आहेत. तिच्या पूर्वेची तिसरी बघ.’ एकाच वस्तीकडे दोघं बघत असतात. एकाला ती सहा हजार मीटरवरून सपाट, नकाशासारखी दिसते. दुसऱ्याला समोरच्या भिंतीपलीकडचं काहीच दिसत नाही. या दोन नजरा एका खिडकीवर आणून ठेवायच्या, तेही गोळीबार चालू असताना, हे ते काम. बॉम्ब टाकणं हा त्यातला शेवटचा आणि त्या मानाने सोपा भाग.

नजरा जुळल्या नाहीत तर काय होतं, याची चार उदाहरणं देतो. चारही वेळा वर वेगवेगळी विमानं होती, म्हणूनच ती निवडली आहेत.

५ डिसेंबर २००१, कंदाहारच्या उत्तरेला. खालच्या माणसाने हातातल्या जीपीएस यंत्रावर शत्रूच्या ठाण्याचे आकडे काढले. तेवढ्यात यंत्राची बॅटरी संपली. ती बदलल्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं ते स्वतःच्याच जागेचे आकडे दाखवत. तेच आकडे वर गेले. बी-५२ बॉम्बरमधून सुटलेला दोन हजार पौंडांचा बॉम्ब आकड्यांप्रमाणे अचूक पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या सोबतचे काही अफगाण मारले गेले, हमीद करझाई थोडक्यात बचावले. योगायोग असा, की त्याच दिवशी बॉनमध्ये अफगाणिस्तानच्या हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून त्यांचं नाव ठरत होतं.

२८ मार्च २००३, दक्षिण इराक. ए-१० विमानांनी ब्रिटिश चिलखती गाड्यांवर हल्ला केला. गाड्यांवर ओळखीसाठी नारिंगी पट्टे होते. ते वैमानिकांना दिसले, पण त्यांनी ती शत्रूची रॉकेटं समजली. एक ब्रिटिश सैनिक मेला. म्हणजे खास याच कामासाठी बांधलेलं विमान, संथ, खालून उडणारं, डोळ्यांनी बघणारं. ए-१०च्या चाहत्यांनी हे उदाहरण विसरू नये.

९ जून २०१४, अफगाणिस्तानातला झाबुल प्रांत, रात्रीची वेळ. आपली माणसं ओळखू यावीत म्हणून सैनिकांच्या अंगावर इन्फ्रारेड प्रकाशाचे लुकलुकणारे दिवे होते. वर बी-१बी बॉम्बर घिरट्या घालत होता. त्याच्या लक्ष्य शोधणाऱ्या पॉडला ते दिवे दिसूच शकत नव्हते, कारण ते यंत्र प्रकाशाच्या त्या पट्ट्यात बघतच नाही. विमानातल्या लोकांना हे माहीत नव्हतं. रात्रीच्या चष्म्यातून दिवे दिसले असते, पण विमानाचं रिंगण त्यासाठी फार मोठं होतं. टेकडीवर बंदुकींच्या नळ्यांचे लखलखाट दिसले, दिवे दिसले नाहीत, तेव्हा ते शत्रूच असणार असा निष्कर्ष निघाला. पाच अमेरिकी आणि एक अफगाण सैनिक ठार.

३ ऑक्टोबर २०१५, कुंदूझ. एसी-१३० हे तर तोफा बसवलेलं, तासन् तास घोटाळत राहणारं, रात्रीच्या मदतीसाठी नावाजलेलं विमान. क्षेपणास्त्राच्या भीतीने ते नेहमीच्या रिंगणापासून लांब गेलं होतं. तिथून दिलेले आकडे यंत्रात घातल्यावर रिकामं शेत समोर आलं. मग वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत शोधली गेली. ते डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचं रुग्णालय होतं. खालच्या कंट्रोलरला ती इमारत त्याच्या जागेवरून दिसत नव्हती. मारा सुमारे अर्धा तास चालला आणि ४२ माणसं मेली.

या चारांपैकी एकाही ठिकाणी विमान कमी पडलं नाही. बॉम्ब आणि गोळे जिथे टाकले तिथेच पडले. कमी पडलं ते एकाला काय दिसतंय याचं दुसऱ्याला असलेलं ज्ञान. हे ज्ञान खरेदीच्या यादीत येत नाही. ते एकत्र सराव केल्याने येतं आणि सराव थांबला की वर्षा-दोन वर्षांत उडून जातं.

उडून जाण्याचा इतिहासही तुमच्याच ग्रंथालयात आहे.

उत्तर आफ्रिकेत १९४३च्या सुरुवातीला विमानं जमिनीवरच्या सेनापतींमध्ये वाटून टाकली होती. प्रत्येकाला आपल्या डोक्यावर छत्री हवी होती, त्यामुळे कुठेच पुरेसं बळ नव्हतं. त्यावरून हवाई दलांनी धडा घेतला की विमानांची सूत्रं एका हातात हवीत. धडा योग्यच होता. पण त्याचा दुसरा अर्थ असाही काढला गेला, की पायदळाच्या हाकेला धावणं हे दुय्यम काम आहे. जुलै १९४४मध्ये नॉर्मंडीत अमेरिकी सेनापतींनी आघाडी फोडण्यासाठी अवजड बॉम्बर विमानं आणली. विमानं आघाडीलगतच्या रस्त्याला समांतर येतील अशी जनरल ब्रॅडली यांची समजूत होती. ती आली आपल्याच सैन्याच्या डोक्यावरून, काटकोनात. २५ जुलैला आपल्याच बॉम्बनी १११ अमेरिकी मारले गेले. त्यात लेफ्टनंट जनरल मॅकनेअर होते. युरोपात मारल्या गेलेल्या सर्वांत वरिष्ठ अमेरिकी अधिकाऱ्यांपैकी एक, आणि ते आपल्याच माणसांच्या हातून.

त्याच मोहिमेत, त्याच आठवड्यात याच्या अगदी उलटही घडलं. पीट क्वेसाडा या हवाई दलाच्या जनरलने ब्रॅडलींकडून रणगाडे मागून घेतले, त्यांत विमानांचे रेडिओ बसवले आणि आघाडीच्या रणगाड्यांत पायलटच बसवले. वर पी-४७ विमानांच्या तुकड्या आळीपाळीने घिरट्या घालत राहिल्या. खाली बसलेला पायलट वरच्या पायलटशी पायलटच्याच भाषेत बोलत होता: समोरच्या वळणावर, झाडीत, डाव्या हाताला. एवढ्यानेच त्या चिलखती मुसंडीचा रंग बदलला. लक्षात घ्या, पी-४७ हे बॉम्बर विमानांच्या संरक्षणासाठी गाजलेलं लढाऊ विमान. त्यासाठी नवं विमान बनवावं लागलं नाही. एक माणूस एका जागेवरून उठवून दुसरीकडे बसवावा लागला.

युद्ध संपलं आणि ती व्यवस्था विरली. १९५०मध्ये कोरियात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. १९४८च्या की वेस्ट कराराने पायदळाला हवाई मदत देण्याची जबाबदारी अमेरिकी हवाई दलाकडे आली होती, पण त्या दलाचा जीव अडकला होता अणुबॉम्ब नेणाऱ्या विमानांत. व्हिएतनामपर्यंत परिस्थिती अशी, की स्वनातीत जेट विमानांचा ताफा बाळगणाऱ्या हवाई दलाला या कामासाठी नौदलाचं जुनं, पंख्याचं स्कायरेडर विमान उसनं घ्यावं लागलं. ते १९४५च्या सुमाराचं. आणि ते कामाला आलं, कारण ते बराच वेळ थांबायचं, भरपूर ओझं न्यायचं आणि त्याचे पायलट याच कामात मुरलेले होते.

आता थोडं कडू बोलतो. ए-१० जन्माला आलं त्यामागे पायदळाविषयीचा कळवळा होताच, पण धास्तीही होती. भूदल तेव्हा शायेन नावाचं शस्त्रसज्ज हेलिकॉप्टर बनवत होतं. ते जमलं असतं तर हे काम, आणि त्यासोबतचा पैसा, भूदलाकडे गेला असता. हवाई दलाने ए-एक्स कार्यक्रम, म्हणजे ज्यातून पुढे ए-१० आलं तो, हाती घेतला त्यात या स्पर्धेचा वाटा मोठा होता. १९७२मध्ये ए-१०चा नमुना उडाला आणि त्याच वर्षी शायेन रद्द झालं. हा काही आरोप नाही. संस्था अशाच वागतात. पण ‘हे काम आम्ही सोडणार नाही, फक्त विमान बदलतोय’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा ऐकणाऱ्याला हा इतिहास आठवतो, त्याला इलाज नाही.

तुमच्या बाजूचं जे खरं आहे तेही मोकळेपणाने मांडायला हवं, कारण चाहते ते मांडत नाहीत. ए-१०च्या तोफेत सुमारे ११७४ गोळे मावतात आणि मिनिटाला ३९०० या वेगाने ते सुटतात. म्हणजे एकूण अठरा सेकंदांचा मारा, एक-दोन सेकंदांच्या झटक्यांत वापरायचा. तो नेमका बसायला हजार-बाराशे मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं चार-पाच किलोमीटर मारतात. एवढ्या हिशेबावरच तोफेविषयीचं प्रेम संपायला हवं. १९९१च्या आखाती युद्धातही ए-१०ने टिपलेल्या रणगाड्यांत मॅव्हरिक क्षेपणास्त्रांचा वाटा फार मोठा होता. तेव्हा त्या विमानात रात्री बघायला यंत्रच नव्हतं, म्हणून पायलट मॅव्हरिकच्या नाकातल्या कॅमेऱ्यातून बाहेरचा अंधार न्याहाळत! १५ फेब्रुवारी १९९१ला इराकच्या रिपब्लिकन गार्डच्या तुकड्यांवर गेलेली दोन ए-१० एकाच दिवशी पडली, तेव्हा हवाई मोहिमेचे प्रमुख जनरल हॉर्नर यांनी बाकीच्यांना त्या भागातून मागे घेतलं. हे झालं इराकपुढे, आणि तेही इराकच्या हवाई संरक्षणाचा कणा आधीच मोडलेला असताना.

१९७३च्या अरब-इस्रायल युद्धात सॅम-६ क्षेपणास्त्रं आणि चार नळ्यांच्या शिल्का तोफांनी इस्रायली स्कायहॉक विमानांची जी दैना केली, ती तुम्हाला नव्याने सांगायला नको. कारगिलमध्ये २७ मे १९९९ला एक मिग-२७ आणि एक मिग-२१ गेलं, दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. त्यानंतर भारतीय हवाई दलाने उंची वाढवली आणि डावपेच बदलले. अठरा हजार फुटांवरच्या विरळ हवेत बॉम्ब आणि रॉकेटचं नेहमीचं गणितही लागू पडत नव्हतं. २४ जूनला टायगर हिलवर लेझरने दिशा दिलेले बॉम्ब पडले ते मिराज-२०००मधून. मिराज हे काही अ‍ॅटॅक विमान नव्हे.

युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची सुखोई-२५ विमानं आजही उडतात, पण कशी? झाडांच्या शेंड्यांवरून येतात, नाक वर करतात, रॉकेटं भिरकावतात आणि वळून पळतात. लक्ष्य पायलटला दिसतच नाही. रॉकेटं काही किलोमीटरवर कुठेतरी पसरून पडतात. याला मी तरी हवाई मदत म्हणणार नाही. हा तोफखाना झाला, तोही फारसा नेम नसलेला. चिलखती, संथ, खालून उडणाऱ्या विमानाचं बलाढ्य शत्रूपुढे काय होतं, याचा पुरावा याहून स्पष्ट काय मिळणार?

तेव्हा ‘क्लोज एअर सपोर्ट ही कामगिरी आहे, विमान नव्हे’ हे तुमचं आवडतं वाक्य मला मान्य आहे. अफगाणिस्तानात पहिल्या सहा महिन्यांत आठ बी-१ विमानांनी टाकलेल्या बॉम्बचं वजन एकूण वजनाच्या सुमारे चाळीस टक्के होतं, हेही मान्य. लोंगेवालाचं उदाहरण तर तुमच्याच पथ्यावर पडणारं आहे. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री रणगाडे चालून आले, तेव्हा मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीला पहाटेपर्यंत तग धरावा लागला, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हे काम करता येत नव्हतं. उजाडल्यावर हंटरनी उघड्या वाळवंटात रणगाडे टिपले. हंटर हे पन्नाशीच्या दशकातलं लढाऊ विमान. पण त्या सकाळी हंटरच्या बरोबरीने आणखी एक विमान तिथे होतं, ते बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकलं जातं. मेजर आत्मा सिंग भूदलाचं छोटंसं कृषक विमान घेऊन रणगाड्यांच्या वर फिरत होते आणि हंटरना लक्ष्य दाखवत होते. ते बिनशस्त्र विमान तुमच्या आजच्या स्लाइडवर कुठल्या रकान्यात बसतं?

माझा मुद्दा तिथेच येतो. ‘कामगिरी आहे, विमान नव्हे’ हे खरं मानलं, तर कामगिरीचा वेगळा हिशेब दाखवा. ए-१०च्या पायलटचं जवळजवळ सगळं प्रशिक्षण या एका कामाभोवती फिरतं. बहुउद्देशीय लढाऊ विमानाच्या पायलटला हवाई झुंज शिकायची असते, शत्रूची रडार आंधळी करायची असतात, खोलवर जाऊन पूल उडवायचे असतात आणि मग उरलेल्या वेळात पायदळाला मदत. उड्डाणाचे तास मोजकेच असतात. ते कमी पडले की आधी कशावर कात्री चालते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. कंट्रोलरचीही तीच गत. त्याला आपली पात्रता टिकवायला ठरावीक मुदतीत ठरावीक वेळा प्रत्यक्ष विमानाला दिशा द्यावी लागते. विमानं कमी झाली की ती संधी कमी होते. सिम्युलेटर असतो, पण सिम्युलेटरमधला पायलट कधी गोंधळत नाही आणि रेडिओ कधी खरखरत नाही.

तुम्ही या तुलनेला किती उत्सुक आहात तेही दिसलं आहे. एफ-३५ हे नवं लढाऊ विमान आणि ए-१० यांची समोरासमोर चाचणी घ्यावी असा आदेश अमेरिकी संसदेने दिला. चाचण्या २०१८-१९मध्ये झाल्या. अहवालावर तारीख पडली २०२२ची. आणि तो लोकांना वाचायला मिळाला २०२३मध्ये, माहितीच्या अधिकारासाठी भांडल्यावर, काळ्या पट्ट्या मारलेला. नवं विमान सरस ठरलं असेल तर ते दडवायचं कारण काय? आणि सरस ठरलं नसेल, तर मग ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्या पायदळाला ते कळायलाच हवं.

ड्रोनचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं, कारण खरा बदल तिथे झाला आहे. विमानांच्या वादात आपण दोघंही मागे पडलो आहोत. युक्रेनच्या आघाडीवर आज एखाद्या कंपनीच्या हाताशी स्वतःचे एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून बघत चालवायचे ड्रोन असतात. चालवणारा तळघरात बसून चष्म्यातून बघतो, ड्रोन खंदकात शिरतो. नऊ ओळी नाहीत, परवानगीची साखळी नाही, वाट बघणं नाही. शत्रू बघणारा आणि मारणारा एकच, आणि तो त्याच तुकडीतला, म्हणून आपली माणसं कुठे आहेत हे त्याला बहुधा ठाऊक असतं. क्वेसाडांनी पायलटला रणगाड्यात बसवून जे साधलं, त्याचीच ही पुढची पायरी.

पण ड्रोनच्या मर्यादाही त्याच आघाडीवर दिसतात. लहान ड्रोनवर किलो-दोन किलोचा स्फोटक गोळा बसतो. काँक्रीटच्या इमारतीत ठाण मांडून बसलेल्या शत्रूला त्याचं फारसं काही वाटत नाही. वारा, धुकं, पाऊस यांत तो लंगडा पडतो. रेडिओ जॅम झाला की खाली येतो. म्हणून आता मागे दहा-दहा किलोमीटरची काचतंतूची तार सोडत जाणारे ड्रोन आले, आणि तार म्हटली की ती झाडांत अडकणार, तुटणार. मोठा घाव घालायचा तर रशियाची सुखोई-३४ विमानं कित्येक किलोमीटर मागून पंख लावलेले, तरंगत जाणारे बॉम्ब सोडतात. ते इमारत पाडतात, पण दोनशे मीटरवर आपली माणसं असताना ते कोण मागवेल? २०२३च्या उन्हाळ्यात दक्षिण आघाडीवर युक्रेनच्या चिलखती मुसंडीला रोखण्यात का-५२ हेलिकॉप्टरचा मोठा हात होता. आपल्या ओळीमागे राहून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं ती सोडत होती. जे हेलिकॉप्टर वर्षभरापूर्वी पुढे जाऊन पटापट पडत होतं, तेच मागे थांबून परिणामकारक ठरलं.

म्हणजे जुनं काम आता तीन तुकड्यांत विभागलं आहे. अगदी जवळचा घाव तुकडीच्या स्वतःच्या ड्रोनचा, मधला हेलिकॉप्टरचा आणि घिरट्या घालत लक्ष्य शोधून त्यावर आदळणाऱ्या दारूगोळ्याचा, मोठा मागून येणाऱ्या विमानाचा. या तिन्हींच्या मधल्या सांध्यात कोण उभा राहणार? एकाच आकाशात आपले शंभर ड्रोन, तोफांचे गोळे आणि एक विमान असताना कुणी थांबायचं आणि कुणी जायचं हे कोण ठरवणार? हा कंट्रोलरच. त्याची गरज घटलेली नाही, उलट त्याचं ओझं वाढलं आहे. आणि नेमकी त्याचीच जोपासना तुम्ही विमानाच्या संख्येला बांधून ठेवली आहे.

अमेरिकी मरीन कोअरने या प्रश्नावर एक साधा तोडगा कधीच काढून ठेवला आहे. तिथे पायलट होणाऱ्या अधिकाऱ्यालाही आधी बाकीच्यांसारखं पायदळाच्या प्लाटूनचं नेतृत्व शिकावं लागतं, चिखलातून जावं लागतं. पुढे त्यांच्यातले कित्येक पायलट काही काळ पायदळाच्या बटालियनमध्ये कंट्रोलर म्हणून राहतात. मग वर हॅरियर असो, हॉर्नेट असो की एफ-३५, खालचा आवाज घाबरलेला आहे की नुसता दमलेला, हे पायलटला ओळखता येतं. हे करायला अब्जावधींची खरेदी लागत नाही. बढतीच्या वेळी असा काळ पायदळात घालवलेल्या अधिकाऱ्याला मागे ठेवायचं नाही, एवढा निश्चय लागतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महाग आहे.

एक गोष्ट जाता जाता. प्रत्येक युद्ध बलाढ्य शत्रूशी होणार असं धरून चालू नका. जिथे शत्रूकडे मोठी क्षेपणास्त्रं नाहीत तिथे तासाभराच्या घिरट्यांसाठी एफ-३५सारखं पाचव्या पिढीचं जेट उडवणं हा निव्वळ उधळेपणा आहे. अमेरिकेच्या विशेष दलांनी शेतीवर फवारणी करणाऱ्या विमानाच्या सांगाड्यावर बेतलेलं ओए-१के घेतलं आणि त्याला जुन्या स्कायरेडरचंच नाव दिलं. ते रशियासमोर एक मिनिट टिकणार नाही. त्याला तिथे पाठवायचंही नाही.

आता विनंती. निवृत्तीचा पुढचा प्रस्ताव मांडाल तेव्हा त्याला एक पान जोडा. जाणाऱ्या विमानाच्या किती पायलटांचं मुख्य काम पायदळाला मदत हे होतं, ते आता कुठल्या स्क्वाड्रनमध्ये जाणार आणि तिथे वर्षाकाठी किती तास खऱ्या सैनिकांबरोबर हाच सराव करणार. कंट्रोलर किती आहेत, त्यांतले किती प्रत्यक्ष विमानाबरोबर सराव करून पात्र आहेत आणि पुढच्या पाच वर्षांत ते किती असतील. जीपीएस आणि डेटालिंक जॅम झालेले असताना, नुसता आवाज, धूर आणि कागदी नकाशा यांवर त्यांनी शेवटचा सराव कधी केला. चाचणीचा निकाल काळ्या पट्ट्यांशिवाय कुठे वाचायला मिळेल. आणि त्या पानावर हवाई दलाच्या सहीशेजारी पायदळाच्या एका सेवारत अधिकाऱ्याचीही सही असू द्या, तीही प्रस्ताव वाचून झाल्यावर केलेली.

हे पान जोडलेलं नसेल, तर मंजुरी देणाऱ्यांनी प्रस्ताव न वाचता परत पाठवावा, असं पत्र मी त्यांनाही लिहिणार आहे.

कळावे,
आपला,
विमानांपेक्षा पायदळाची काळजी जास्त असलेला एक वाचक